एकाच घराण्यातील इंजिनांचे पॉवर स्टिअरिंग पंप एकमेकांना चालतात का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा की, आपण परभणीत वापरत असलेल्या इंडिका व्ही-टू डिझेल गाडीचा पॉवर स्टिअरिंग पंप गळतो व घरघरतो, जालन्यात भंगारात इंडिगो टर्बो डिझेलचा पंप स्वस्तात मिळत आहे, आणि दोन्ही इंजिने 1405 सीसीची व एकाच घराण्यातील असल्यामुळे तो पंप ‘डोळे झाकून’ बसेल, असे आपल्या गॅरेजवाल्याचे म्हणणे आहे.

डोळे झाकून बसवू नका, उघडे ठेवून बसवता येईल का ते पाहा. पंपाला बसायला जागा आणि फिरायला बेल्ट इंजिन देते, परंतु त्याने किती ऑइल, किती दाबाने पाठवायचे हे त्या गाडीचा रॅक (स्टिअरिंग फिरवले की सरकून पुढची चाके वळवणारी दातेरी दांडी व तिचे नळकांडे), पुढच्या चाकांवरचे वजन आणि टायरची रुंदी यांवरून ठरवलेले असते. इंजिन एक म्हणून पंप एक, हा हिशेब किती फसवा आहे ते 1248 सीसीच्या मल्टिजेट इंजिनावरून दिसते. ते फियाटच्या पुंटो व लिनियामध्ये, टाटाच्या व्हिस्टामध्ये आणि मारुतीच्या स्विफ्टमध्येही आले. पैकी पुंटो, लिनिया व व्हिस्टा यांना हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग होते, तर स्विफ्टला इलेक्ट्रिक, म्हणजे तिथे या पंपाचा पत्ताच नाही.

आधी इंजिनाकडची बाजू पाहू. दोन्ही पंप टेबलावर शेजारी ठेवून बोल्टच्या छिद्रांमधील अंतर, ब्रॅकेटला टेकणारा पृष्ठभाग आणि त्या पृष्ठभागापासून पुलीच्या खाचेपर्यंतचे अंतर मोजावे. यातील शेवटचे माप बहुतेक लोक घेत नाहीत, आणि तिथे एक-दोन मिलिमीटरचा फरक राहिला तरी बेल्ट तिरका चालून ओरडतो व कडेने झिजतो. फिरण्याची दिशाही तपासावी, कारण हा पात्यांचा पंप ठरावीक दिशेनेच ऑइल ओढतो. उलट फिरवल्यास तो दाब देणार नाही.

पुलीचा व्यास हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. समजा, क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टची पुली 140 मिलिमीटरची आणि पंपाची 112 मिलिमीटरची आहे. तर इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता मिनिटाला 800 फेऱ्यांवर असताना पंप 1000 फेऱ्या फिरतो. त्याच जागी 140 मिलिमीटर पुलीचा पंप बसवला, तर तो 800 फेऱ्याच फिरेल आणि आयडलला मिळणारे ऑइल जवळपास एक पंचमांशाने घटेल. रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. गाडी गल्लीत वळवताना किंवा पार्किंगमध्ये लावताना मात्र स्टिअरिंग जड लागते आणि दोष रॅकवर ढकलला जातो. पेट्रोल इंजिनाचा पंप डिझेलला लावताना हे विशेष पाहावे, कारण जास्त फेऱ्या घेणाऱ्या इंजिनासाठी पंपाची पुली मोठी ठेवलेली असू शकते. आपली जुनी पुली नव्या पंपावर चढवायची झाल्यास शाफ्टचा व्यास जुळला पाहिजे, आणि दाबून बसवलेली पुली पुलरने काढून प्रेसनेच बसवावी. हातोडीचा एक ठोकादेखील शाफ्टमार्गे थेट आतल्या रोटर-पात्यांवर जातो.

आता रॅककडची बाजू. पंपाच्या आत एक स्पूल व्हॉल्व्ह असतो. फेऱ्या वाढल्यावर जादा ऑइल तो परत ओढीच्या बाजूला वळवतो, आणि दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की त्याच्यातलीच एक छोटी स्प्रिंग दबून वाट मोकळी करते. छोट्या मोटारींत ही मर्यादा साधारण 70 ते 100 बारच्या आसपास असते. बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसणारे दोन पंप या एका स्प्रिंगमुळे वेगळे असू शकतात. दाब कमी पडला तर उभ्या गाडीत चाके वळवताना हात दुखतात. जास्त झाला तर प्रेशर होज (पंपाकडून रॅककडे दाबाचे ऑइल नेणारी नळी) आणि रॅकची सील यांच्यावर गदा येते. म्हणूनच पंपावर कोरलेला पार्ट नंबर पाहून मगच पैसे मोजावेत, आणि नंबर घासून गेला असेल तर मी तो पंप घेणार नाही. प्रेशर पाइपचे आटे आणि बँजो बोल्टची (पाइप जोडणाऱ्या, मधून ऑइल जाऊ देणाऱ्या पोकळ बोल्टची) जाडीही ताडून पाहावी. आटे जुळत नसताना पान्याने रेटून बसवलेला बोल्ट पहिल्या पूर्ण वळणावरच ऑइल फेकतो.

भंगारातला पंप पारखायचा तर शाफ्ट हाताने सावकाश फिरवावा. तो अडखळत असेल किंवा वर-खाली हलत असेल तर सोडून द्यावा. नंतर त्यात थोडे स्वच्छ ऑइल घालून, फिरवून, ते पांढऱ्या ताटलीत काढून उन्हात धरावे. त्यात चंदेरी कण चमकले तर पाती आणि त्यांच्याभोवतीची रिंग झिजलेली आहेत, आणि तीच कीस उद्या आपल्या रॅकमध्ये जाईल.

तरीही माझे प्रामाणिक मत असे की, आपला पंप अजून काढूच नये. गळती शाफ्टच्या सीलमधून असेल तर सील किटवर भागते. घरघर तर कित्येकदा पंपाची नसतेच. आपल्याकडचा उन्हाळा सोसून ऑइलच्या डब्यापासून पंपाकडे येणारा रबरी होज कडक होतो, क्लॅम्पपाशी हवा ओढतो आणि डब्यातल्या ऑइलला फेस येतो. तो होज, डब्यातली जाळी आणि बेल्टचा ताण आधी पाहावा. अन्यथा पंप स्वस्त, पण पुली, ब्रॅकेट, पाइप आणि लेथवाल्याची मजुरी धरून चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायचा.

बदल करायचाच ठरला तर जुने ऑइल रिटर्न पाइपमधून पूर्ण काढून टाकावे आणि डब्याच्या झाकणावर लिहिलेल्याच प्रतीचे नवे ऑइल भरावे. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नये, त्याने या यंत्रणेची रबरी सील फुगून खराब होतात. पुढची चाके जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहावे आणि डब्यातली पातळी उतरेल तशी भरत जावी; बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करून तेच पुन्हा करावे. इंजिन चालू असताना स्टिअरिंग टोकाला पाच सेकंदांहून अधिक दाबून धरू नये, कारण त्या वेळी पंप पूर्ण दाबावर असतो आणि ऑइल झपाट्याने तापते.