मोठेपणीही अंधाराची भीती वाटत असेल तर काय करावे?

घरात एकटे असताना दिवा मालवून झोपता येत नाही, रात्री पाणी प्यायला उठायचे झाले तरी आधी सगळ्या खोल्यांतले दिवे लावावे लागतात आणि तिशी उलटल्यावर हे कोणाला सांगायची लाज वाटते, असे आपण लिहिले आहे. चौतिसाव्या वर्षापर्यंत माझीही हीच अवस्था होती, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या कौलारू घरात गेले. संडास परसात होता आणि तिथे जायला माजघर ओलांडून मागच्या पडवीतून जावे लागे. एखादी सुकलेली झावळी कौलांवर पडली की मी तिथूनच मागे पळत येत असे. ही भीती वयाबरोबर गेली असे मला वाटत होते, पण पत्नी बाळंतपणासाठी माहेरी गेली तेव्हा ठाण्याच्या फ्लॅटमध्ये मी जवळपास दोन महिने ट्यूबलाइट चालू ठेवून झोपलो. शेवटी एका समुपदेशकांकडे गेलो.

त्यांनी पहिल्याच भेटीत माझी चूक दाखवून दिली. भीती अगदी टोकाला पोहोचली की मी दिवा लावत असे, तत्क्षणी हायसे वाटे, आणि ‘दिव्यानेच वाचवले’ हा धडा मन दर वेळी नव्याने गिरवत असे. भीती आपोआप ओसरते, हे कळण्याइतका वेळ मी अंधारात कधी थांबलोच नव्हतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. मंद उजेडात पाहणाऱ्या डोळ्यांतल्या दंडपेशी पूर्ण कार्यक्षम व्हायला साधारण २० ते ३० मिनिटे लागतात आणि लख्ख दिवा लावताच ही मेहनत वाया जाते. म्हणून खात्री करण्यासाठी ट्यूब लावून पुन्हा बंद केली की खोली आधीपेक्षाही काळीकुट्ट वाटते. शिवाय नजरेच्या अगदी केंद्रस्थानी दंडपेशी नसतातच. दाराच्या खुंटीवरच्या माझ्या रेनकोटकडे मी टक लावून पाहिले की तो विरघळल्यासारखा होई आणि नजर हलली की पुन्हा उभा राही. तिथे कोणीतरी हलते आहे असे वाटण्याचे कारण माझ्याच डोळ्यांत होते. अशा वेळी वस्तूच्या किंचित बाजूला पाहावे, आकार स्पष्ट होतो.

सराव मी अगदी लहानशा पायरीपासून सुरू केला. संध्याकाळी साडेसात वाजता, शेजाऱ्यांच्या घरांतून आवाज येत असताना, स्वयंपाकघरातला दिवा बंद करून स्टुलावर बसायचे, मोबाईल बाहेर ठेवायचा, भीतीला ० ते १० पैकी गुण द्यायचे आणि ते निम्म्यावर येईपर्यंत उठायचे नाही. पहिल्या दिवशी मी ८ गुण दिले होते. फ्रिजची घरघर, पाइपमधून उतरणारे पाणी, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची, असा एकेक आवाज ओळखत बसलो आणि बऱ्याच वेळाने आकडा ४ वर आला. सात-आठ दिवस हेच केले, मग पॅसेज, आणि झोपायची खोली सर्वांत शेवटी. यात घाई केली तर आदल्या दिवसांचे कष्ट फुकट जातात, हे मी अनुभवाने सांगतो. आजीने शिकवलेले स्तोत्र म्हणू नका असे मी म्हणणार नाही, मीही म्हणत असे. मात्र ते म्हटल्याशिवाय अंधारात पाऊल टाकता येत नाही अशी अट मनाने घालू नये, एवढे जपा.

रात्री उठावे लागत असेल तर पॅसेजमध्ये पायांच्या उंचीवर लाल रंगाचा झिरोचा बल्ब लावा. मंद लाल उजेडाने दंडपेशी फारशा दिपत नाहीत आणि वाटही दिसते.

मात्र भीतीच्या मुळाशी अंधारात घडलेला एखादा हल्ला किंवा अपघात असेल, छाती धडधडून श्वास कोंडल्यासारखा होत असेल किंवा सहा महिन्यांहून अधिक काळ झोपेची आणि कामाची घडी विस्कटली असेल, तर हा सराव एकट्याने करू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, अथवा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. आपले वय सांगताना संकोच करू नका, समोरच्या माणसाने हे पूर्वी ऐकलेले असते.