आवार सुटतं तेव्हा झाडांचं काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत आधी मांडतो. मुलुंडचं बैठं घर पुनर्विकासात जातंय, तुम्ही दोघंही निवृत्त, आणि दिवाळीच्या सुमारास बोरिवलीला तळमजल्यावर राहायला जाणार. तिथे मागे दहा बाय पंधरा फुटांचा मोकळा तुकडा आणि एक बाल्कनी. इथल्या आवारात रायवळ (कलमाचा नव्हे, कोयीपासून वाढलेला) आंबा, दोन माड, पारिजातक, अनंत, जास्वंदी, लिंबू, कढीपत्ता, अळूचा वाफा. यातलं काय न्यायचं, काय सोडायचं, आणि गुडघ्यांना झेपेल एवढंच कसं ठेवायचं?

आम्ही चेंबूरचा प्लॉट सोडून पहिल्या मजल्यावरच्या छोट्या गच्चीवर आलो, त्यामुळे हे सगळं जवळून पाहिलंय. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट: घर बदलायची तारीख दिवाळीची असली तरी बागेची तारीख जूनची आहे. जुन्या घरातला हा शेवटचा पावसाळा तुमच्या हातात आहे. जे न्यायचंय त्याची रोपं याच पावसात तयार करा. ऑक्टोबरात टेम्पो दारात उभा असताना मोठं झाड मुळासकट उपटून नेलं तर ते बहुतेक वेळा वाळतं.

अनंत, जास्वंद आणि लिंबू यांना गुटी बांधा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटू द्या. पाऊस स्थिरावला की पेन्सिलीएवढी किंवा थोडी जाड, निरोगी फांदी निवडायची. तिच्यावरची इंचभर साल गोल कापून काढायची आणि उघडं पडलेलं लाकूड चाकूने हलकेच खरवडायचं, म्हणजे साल परत जुळत नाही. त्यावर भिजवून पिळलेलं शेवाळ (नर्सरीत मॉस म्हणून मागा) मुठीएवढं लावून प्लॅस्टिकने गुंडाळायचं आणि दोन्ही टोकं सुतळीने घट्ट बांधायची. महिना-दोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात. मग खालून कापून लहान कुंडीत लावायचं आणि काही आठवडे सावलीत ठेवायचं. एका झाडावर तीन-चार गुट्या बांधा, सगळ्या धरतीलच असं नाही. जास्वंद नुसत्या छाटानेही येते. अनंताला मात्र मी गुटीच सुचवीन.

कढीपत्त्याच्या बुंध्याभोवती मुळांतून फुटवे आले असतील. एक-दोन फुटवे मुळासकट अलगद सोडवून आत्ताच पिशवीत लावा. पारिजातकाच्या चपट्या बिया जपून ठेवा, आणि पाऊस पडल्यावर झाडाखाली आपोआप उगवलेली रोपंही शोधा. हे झाड छाटणी सोसतं, म्हणून लहान जागेतही ठेवता येतं. अळूचे कंद शेवटच्या आठवड्यात काढले तरी चालतात.

आता आंबा. प्रश्नात तुम्ही त्याच्याबद्दल सर्वांत जास्त लिहिलंय, म्हणून मीही जरा सविस्तर लिहितो. रायवळ आंब्याची कोय लावली तर तीच चव येईल याची खात्री नसते, कलमाने मात्र तेच झाड पुढे चालतं. कोकणात यासाठी कोय कलम करतात. यंदाच्या फळांच्या कोयी जूनमध्ये मातीत घालायच्या. रोप पंधरा-वीस दिवसांचं, तांबूस कोवळ्या पानांचं झालं की त्यावर मोठ्या झाडाची तीन-चार महिन्यांची काडी बांधायची. जुलै-ऑगस्ट हा त्याचा काळ. काडी कापायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून छाटतात, म्हणजे डोळा फुगतो. तुमच्याकडे कोयीही त्याच झाडाच्या असतील, काडीही त्याचीच. हात बसलेल्या माणसाकडूनच हे करून घ्या. वसई-पालघरकडच्या रोपवाटिकांत असे कलमवाले मिळतात. एकाच्या जागी दहा कलमं बांधून घ्या.

पण ती कलमं दहा बाय पंधराच्या तुकड्यात लावू नका, हे मी स्पष्ट सांगतो. रायवळ आंबा मोठाच होणार. इमारतीच्या मागच्या बाजूला जमिनीखाली ड्रेनेजचे चेंबर, पाण्याची टाकी, पाईप असतात, आणि मुळं तिथे पोचली की सोसायटी झाड तोडायला लावते. गावाकडे कोणाची जमीन असेल, भाच्याचं कर्जतला घर असेल, तिथे पाठवा. झाड जगलं पाहिजे आणि त्याचे आंबे तुमच्या ओळखीच्या घरात खाल्ले गेले पाहिजेत. आंबा डोळ्यांसमोरच हवा असेल तर मोठ्या ड्रममध्ये आम्रपाली लावा. दशहरी आणि नीलमच्या संकरातून दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत तयार झालेली ही ठेंगणी जात आहे, छाटून आटोक्यात राहते.

उभ्या झाडांचं पुढे काय होतं तेही तुम्ही बघायला हवं, ते नुसतं बिल्डरवर सोडू नका. महाराष्ट्रात झाडांच्या संरक्षणाचा १९७५चा कायदा आहे आणि तो खाजगी आवारातल्या झाडांनाही लागू होतो. तोडायला परवानगी लागते, दुसरीकडे हलवायलाही लागते. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज झाडाचा दर्जा आहे. तुमचा आंबा सासऱ्यांनी लावलेला, म्हणजे तो त्यात बसत असावा. बिल्डरच्या प्रस्तावात प्रत्येक झाड कुठल्या रकान्यात टाकलंय, ठेवायचं, हलवायचं की तोडायचं, ते मागून घेऊन वाचा. झाडांचे फोटो काढा, बुंध्याचा घेर मोजून लिहून ठेवा. आंबा प्लॉटच्या कडेला असेल तर तो आहे तिथेच ठेवून आराखडा करा, असं आत्ता लेखी मागा. सह्या झाल्यावर कोणी ऐकत नाही. माडांची मुळं तंतुमय असल्यामुळे ते हलवले तर जगण्याची शक्यता बरी असते. जुना आंबा हलवून जगेल यावर माझा फारसा विश्वास नाही.

नव्या जागेत एक रोपही लावण्याआधी ऊन बघा. लोक उन्हाळ्यात फ्लॅट बघतात आणि मागे छान ऊन आहे असं ठरवून टाकतात. मुंबईत शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो, १५ मेच्या आणि २७ जुलैच्या आसपास येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणून इमारतीच्या उत्तरेकडचा तुकडा मे महिन्यात उजळलेला दिसतो. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला इतका उतरतो की भर दुपारीही इमारतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ तिच्या उंचीएवढी लांब पडते. तुमचा तुकडा त्या बाजूला असेल तर हिवाळाभर तो सावलीतच राहील. तिथे अळू, गवती चहा, पानओवा, नागवेल, सोनटक्का लावा आणि मोगरा-जास्वंदीचा हट्ट सोडा. दक्षिणेची बाल्कनी असेल तर उलट थंडीत तिथे ऊन आतपर्यंत येतं आणि तिथे फुलझाडं रमतात. पश्चिमेचं एप्रिलमधलं ऊन मात्र कुंड्या भाजून काढतं.

दुसरी गोष्ट माती. नव्या इमारतीच्या भोवती वरवर लाल माती दिसते. खाली सहसा राडारोडा असतो, विटांचे तुकडे आणि सिमेंट. त्यात अनंताची पानं पिवळी पडतात, कारण सिमेंटच्या चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि मग झाडाला लोह घेता येत नाही. दीड फूट खणून भर बदलायची, नाहीतर वर विटांचा वाफा बांधायचा. मी तुम्हाला वाफाच सांगेन, कमरेएवढ्या उंचीचा आणि बसायला काठ असलेला. त्याची मागची कड हात पुरेल एवढ्याच अंतरावर ठेवा, आणि तळाला पाणी जायला भोकं हवीतच, नाहीतर जुलैत सगळं कुजेल. वाकून खुरपणं साठीनंतर आधी बंद होतं, मग बागेत जाणंच बंद होतं, हे मी ओळखीच्या कितीतरी घरांत पाहिलंय.

भरण्यासाठी जुन्या आवारातला पालापाचोळ्याचा ढीग न्या. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवार या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटाने पानांपासून माती करायची जी रीत लोकांपर्यंत नेली, ती मुंबईत गच्च्यांवरही वापरली गेली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या-फळं पिकवली गेली, ते उदाहरण खूप जणांना माहीत आहे. म्हणून आंब्याचा पाला या वर्षी जाळू देऊ नका, पोत्यांत भरून ठेवा. त्याच्याबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) येत नाही ना, तेवढं चाळून बघा.

बाल्कनीसाठी वजनाचा विचार करा. भिजलेली माती लिटरला दीड किलोच्या पुढे जाते, म्हणजे बारा इंची कुंडी पावसाळ्यात पंचवीस किलोच्या आसपास. तिथे कोकोपीट आणि कंपोस्ट जास्त, माती कमी. कठड्यावर किंवा छज्जावर कुंडी नकोच, खाली माणसं चालतात. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा पूर्ण कोरड्या करा, कारण डेंगीचा डास साध्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो आणि महापालिकेची माणसं तपासायला येतात ती याचसाठी. झारी पाच लिटरची घ्या, दहाची नको.

किती झाडं ठेवायची याला माझं उत्तर असं: रोज ज्याला हात लागतो तेवढी. तुमच्या घरात देवाला जास्वंद लागते, फोडणीला कढीपत्ता, चहात गवती चहा, गुरुवारी अळूचं फदफदं, आणि अनंत यजमानांच्या आवडीचा. तुळस आलीच. यातच वाफा आणि बाल्कनी भरते. बाकीचं द्यायला सुरुवात करा. गणपतीत घरी येणाऱ्या प्रत्येकाला एक रोप, पिशवीवर नाव लिहून. नव्या सोसायटीतल्या दोन घरांनाही आधीच द्या, त्याने तिथे ओळखी होतात आणि मागच्या तुकड्यावरून पुढे कुरबुरी कमी होतात. तो तुकडा वापरण्याचा हक्क करारात लिहिलाय का, हे वकिलाला दाखवून घ्या. एजंटच्या तोंडी शब्दावर विटा रचू नका.

पहिला पावसाळा नव्या घरात गेला की खत ऑक्टोबरात घाला, आधी नाही. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस मातीतलं बरंचसं धुऊन नेतो, जूनमध्ये घातलेलं शेणखत वाया जातं.

मागचा तुकडा कुठल्या दिशेला आहे आणि शेजारची इमारत किती मजल्यांची आहे, एवढं कळवा. वाफा कुठे बांधायचा ते मग नेमकं सांगता येईल. आणि कोयी या मे महिन्यातच बाजूला ठेवायला लागा.