कार्ब्युरेटरआधी नळी पाहा

प्रश्न : माझ्या १९६९ च्या कॅमॅरो गाडीचे इंजिन सुमारे ५०० अश्वशक्ती देते; मात्र पाव मैलाच्या शर्यतीत तिसऱ्या गिअरमध्ये ते अचानक दम सोडते. मोठा कार्ब्युरेटर बसवावा का?

उत्तर : कार्ब्युरेटरला तूर्त हात लावू नका. एवढ्या ताकदीच्या पेट्रोल इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर तासाला साधारण २५० पौंड, म्हणजे जवळपास ४२ गॅलन इंधन लागते; शिवाय गाडी झेप घेते तेव्हा टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीतले पेट्रोल जडत्वामुळे मागे रेटले जाते आणि इंजिनावरच्या मूळ यांत्रिक पंपाला त्याविरुद्ध ओढावे लागते. पहिल्या दोन गिअरमध्ये फ्लोट बाउलमधील, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या इंधनाच्या छोट्या वाटीतला, साठा वेळ मारून नेतो, तिसऱ्यात तो संपतो.

म्हणून विद्युत पंप टाकीजवळ, तिच्या तळाच्या पातळीला बसवा, कारण असे पंप ढकलण्यात तरबेज असले तरी ओढण्यात कच्चे असतात. नळी १/२ इंची घाला. जुन्या अरुंद नळीवर महागडा पंप लावणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. इंधनाचा दाब आवरणारा रेग्युलेटर ६ ते ७ पीएसआयवर (पौंड प्रति चौरस इंच) ठेवा, नाहीतर बाउलमध्ये येणारे इंधन अडवणारा नीडल व्हॉल्व्ह दाबापुढे हार मानतो आणि बाउल ओसंडतो. इंधनाचा दाबमापक समोरच्या काचेपुढे, बाहेरच्या बाजूला लावा आणि त्याचा काटा शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात किती खाली येतो ते पाहा.