वर्डमध्ये फोटोशेजारी मजकूर लिहिला की फोटो पुढच्या पानावर पळतो. प्रोजेक्ट परवा द्यायचाय, काय करू?

टेबल घाला. दोन रकाने, एकात फोटो, दुसऱ्यात मजकूर, मग बॉर्डर काढून टाका. बाकीचे नाद सोडा.

मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात डीटीपीला, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायला होतो. एका तालमीची स्मरणिका आली, जुन्या पैलवानांचे बावीस फोटो आणि प्रत्येकाशेजारी दहा-बारा ओळी. मजकूर युनिकोडमध्ये, पानं लावायच्या जुन्या पेजमेकर सॉफ्टवेअरला युनिकोड चालत नाही, म्हणून वर्डमध्येच लावायचं ठरलं. मी टेबल मारायला घेतलं तर मालकांचे मेहुणे मागं येऊन उभे. कुठलातरी कोर्स करून आलेले. "टेबल म्हणजे अडाणी काम. 'फिक्स पोझिशन ऑन पेज' कर, फोटो जागचा हलतोय का बघ." म्हटलं, दादा, हलतंय. "तू कर रे."

केलं. रात्री नऊला तालमीचे वस्ताद अध्यक्षांच्या मनोगतात चार ओळी वाढवून घेऊन आले. झालं! फोटो निवडल्यावर शेजारी जो छोटा नांगर दिसतो (जहाजाचा, शेतातला नव्हे), तो ज्या परिच्छेदाला असतो त्याच्याच पानावर फोटो राहतो. फिक्स करा नाहीतर खिळे ठोका. नऊ नंबर पानाच्या तळाचा परिच्छेद दहावर गेला, त्याचा फोटोही गेला आणि तिथंही तळालाच जाऊन बसला. घाईत प्रूफ कुणी बघितलं नाही. छापून आलं तर "खासबागेत चीतपट केलं" या ओळीशेजारी चीतपट झालेल्याचा फोटो! जिंकलेल्याची पोरं छापखान्यात भांडायला आली. हरलेल्याच्या नातवानं वीस प्रती जादा मागितल्या.

पान परत छापून चिकटवायचा खर्च माझ्या पगारातून कापला. मेहुणे अजूनही म्हणतात, सेटिंग याचंच चुकलं. आता वर्ड उघडून स्वतः बघा म्हणावं, दोन मिनिटांचं काम आहे.

हां, टेबल प्रॉपर्टीजमध्ये ऑप्शन्सला जाऊन 'ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स'ची टिक काढा, नाहीतर मोठा फोटो रकाना ताणतो. 'रो' टॅबमधली 'अलाऊ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस'ही काढा. आणि मजकूर फोटोच्या खालूनही वळवायचा असेल तर टेबल कामाचं नाही, तिथं 'रॅप टेक्स्ट'मधलं 'स्क्वेअर'च घ्यावं लागतं. पण ते सगळं टायपिंग संपल्यावर, शेवटी.