राजाला राजा कोण करतं?

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहतो आणि लोअर परळच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. वय ३६. काम चोख आहे, हे साहेबही मान्य करतात. पण मीटिंगमध्ये माझं बोलणं हवेत विरून जातं. मार्चमधली गोष्ट. मी म्हटलं, "म्हणजे मला असं वाटतं, की लघुउद्योगांची जी बिलं ४५ दिवसांच्या वर गेलीत, ती एकदा बघायला हवीत, कारण इन्कम टॅक्सचा तो नियम आलाय, तर कदाचित तो खर्च यंदा धरता येणार नाही." कुणी मान वर केली नाही. दहा मिनिटांनी सेल्सचा एक जण म्हणाला, "३१ तारखेच्या आत दिले तर तो खर्च, नंतर दिले तर त्यावर टॅक्स. बोला, काय करायचं?" सगळे हसले. साहेबांनी तिथल्या तिथे यादी मागवली, आणि ती यादी दिली मी! तो आत आला की खोलीत वेगळीच हवा येते. मी शनिवार-रविवारचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर केलं. शब्दांचा परिणाम फक्त ७ टक्के, बाकी सगळं आवाज आणि देहबोली, असं तिथे शिकवलं. मीटिंगआधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभं राहायला सांगितलं. ते मी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये करतो. फरक शून्य. करिष्मा जन्मजातच असतो का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी त्या टॉयलेटमधून बाहेर या. असं उभं राहिलं की अंगातली हार्मोन्स बदलतात, असं सांगणारा अमेरिकेतला अभ्यास २०१० सालचा. पुढे मोठ्या गटावर तोच प्रयोग करून पाहिला, तर हार्मोन्स काही बदलेनात. मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिकेनंच २०१६ मध्ये जाहीर करून टाकलं, की या परिणामावर आपला आता विश्वास नाही. शिबिरवाल्यांपर्यंत ही बातमी पोचायची आहे.

सात टक्क्यांची गोष्ट त्याहून जुनी. आल्बर्ट मेहरेबियन या मानसशास्त्रज्ञाचे १९६७ चे प्रयोग आहेत. सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचे आणि बोलणाऱ्याच्या मनात माया आहे की राग, ते ओळखायला लावायचं. शब्द एक म्हणतोय आणि सूर भलतंच, अशा वेळी माणूस सुरावर जास्त विश्वास ठेवतो, एवढंच त्यातून निघतं. त्यावरून सगळ्या बोलण्याचा हिशेब मांडायचा म्हणजे कमाल झाली. तुम्ही तर अकाउंट्सचे, तुम्हाला तरी शंका यायला हवी होती! तुमच्या त्या सहकाऱ्यानं त्याच हातवाऱ्यांत पाढे म्हटले असते, तर साहेबांनी यादी मागवली असती का?

आता मुद्द्याचं. माझं आयुष्य गिरगाव-दादरच्या नाटकांच्या तालमींमध्ये गेलं, म्हणून माझी उत्तरं तिथूनच येतात. हौशी नटाला राजाची भूमिका दिली, की तो छाती काढून चालायला लागतो, आणि तालमीला बसलेली पोरं फिदीफिदी हसतात. अशा वेळी मी राजाला बाजूला ठेवते आणि दरबाऱ्यांना कामाला लावते. हा विंगेतून आत आला की तुमचं बोलणं अर्ध्यावर तोडा. दोन पावलं मागे सरा. हा बसेपर्यंत कुणी बसायचं नाही. भालदार, तू याच्या तोंडाकडे नाही, पायाकडे बघ. राजाला सांगते, तू नुसता चाल आणि बस. त्याच पोराचा, तेवढ्याच उंचीचा, दहा मिनिटांत राजा होतो.

माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञानं करिष्म्यावर जे लिहिलं, ते तो गेल्यावर १९२२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचाही रोख हाच होता. करिष्म्याची सत्ता लोक मानतात तोवर. मानायचे थांबले, की खेळ खलास. तेव्हा पुढच्या मीटिंगमध्ये त्या सेल्सवाल्याकडे बघतच बसू नका, दरबार बघा. तो तोंड उघडतो तेव्हा पहिलं कोण हसतं? मोबाइल कोण उलटा ठेवतं? साहेब कुणाकडे बघून मान हलवतात? हे दोन-तीन लोक कळले, की मीटिंगच्या आधी चहाच्या मशीनपाशी त्यातल्या एकाला तुमचा मुद्दा सांगून ठेवा. खोलीत शिरताना एक माणूस तरी तुमची वाट बघत असला पाहिजे. आणि हेच तुम्ही दुसऱ्यांसाठीही करा. एखाद्या ज्युनिअर मुलीचा मुद्दा असाच वाहून गेला, तर "थांबा, ती मघाशी काय म्हणाली ते पुन्हा ऐकू या" असं म्हणा. ज्याला दुसऱ्याचं बोलणं ऐकवता येतं, त्याच्याकडे लोक आपोआप बघायला लागतात. ऑफिसात हे फार कमी जण करतात, म्हणून लगेच दिसतंही.

तुमचा मुद्दा त्यानं चोरला, हे खरं. पण त्यानं त्याचं वाक्य केलं, हेही खरं. आत दिले तर हे, नंतर दिले तर ते, अशी समोरासमोर जोडी लावली आणि वर एक प्रश्न टाकला. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात जॉन अँटोनाकिस यांनी नेमकं हेच तपासलं. विरोधाची जोडी, तीन गोष्टींची माळ, प्रश्न, छोटी गोष्ट, उपमा, ठाम भूमिका, त्याला साजेसा आवाज आणि हातवारे, अशा युक्त्या त्यांनी मॅनेजर लोकांना शिकवल्या. त्यांचा २०११ चा निबंध सांगतो, की शिकलेल्यांचा करिष्मा बघणाऱ्यांना वाढलेला दिसला. तेव्हा सगळं जन्मजात असतं, हे डोक्यातून काढा. सगळं शिकता येतं असं मी म्हणत नाही. उपजत गोड गळा आणि देखणा चेहरा यांचा फायदा होतोच, आणि तो नाकारणारी पुस्तकं मला खोटारडी वाटतात.

तुमच्या वाक्यातून "म्हणजे मला असं वाटतं की" आणि "कदाचित" काढून टाका. नियम तुम्हाला त्या खोलीत सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे, मग कदाचित कशाला? आधी काय करायचं ते सांगा, कारण मागून. "ही बिलं ३१ च्या आत चुकती करायची." आणि थांबा. कुणीतरी "का?" विचारेलच.

आता एक खास आपल्या भाषेची खोड. आपलं क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी येतो. "हे पेमेंट आपण थांबवू या" आणि "हे पेमेंट आपण थांबवू नये", शेवटच्या शब्दापर्यंत सगळं सारखं. आणि नेमकं तिथेच आपला श्वास संपतो. तुमची मीटिंग निम्मी हिंदीत होत असणार, तिथेही क्रियापद शेवटीच. तालमीत मी पेन्सिलनं टेबलावर ठोकते : शेपूट गिळू नकोस! नवीन मुलांचा पहिला महिना निम्मा यातच जातो. तुम्ही रोज रात्री पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाचून फोनवर रेकॉर्ड करा. ऐकताना फक्त प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द ऐका, बाकी सोडून द्या. तो पहिल्या शब्दाइतका स्पष्ट येईपर्यंत दुसरं काही शिकायच्या फंदात पडू नका. घरात अवघड वाटत असेल तर गच्चीवर जा.

त्या सेल्सवाल्याची नक्कल मात्र करू नका. याच मुंबईत एकाच समाजवादी चळवळीतली दोन माणसं होती. जॉर्ज फर्नांडिस मंगळूरहून आलेले. कामगारांच्या गेटवरच्या सभेत आग ओतायचे, आणि १९६७ मध्ये त्यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या बलाढ्य काँग्रेस नेत्याला पाडलं. दुसऱ्या मृणाल गोरे. १९६१ मध्ये महापालिकेत गेल्या, गोरेगावच्या नळांना पाणी यावं म्हणून भांडत राहिल्या आणि पाणीवाली बाई झाल्या. सत्तरच्या दशकात महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यातही त्या पुढे होत्या. १९७७ ला लोकसभेवर निवडून गेल्या आणि तिकडे इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा लोकांनी घोषणाच केली, "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में!" मृणालताईंमागे माणसं उभी राहिली, कारण ही बाई आपला नळ सोडवील, हे त्यांनी पाहिलं होतं. तुमची जातकुळी मृणालताईंची दिसते. तुमच्याकडे नियम आहे, यादी आहे, तारीख आहे. तारखेचं तुम्ही सांगितलेलं दोन-चारदा खरं झालं आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं, की लोक "त्यांना विचारा" म्हणायला लागतील.

प्रश्न : आमच्या सोसायटीचे चेअरमन फार भारी बोलतात. सभेत त्यांनी माइक हातात घेतला, की सगळे मंत्रमुग्ध. दुरुस्ती निधीचं विचारलं तर आधी असा विनोद करतात, की विचारणारी मीच वेडी ठरते. अशा माणसापुढे टिकायचं कसं?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : त्यांच्या मैदानावर जाऊच नका. माइक त्यांचा, दरबार त्यांचा. तुम्ही कागदावर या. सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि तपासलेला ताळेबंद व सभेची इतिवृत्तं बघायचा सभासदाला हक्क आहे. सभेच्या बरेच दिवस आधी लेखी पत्र द्या, पोच घ्या. त्यात एकच प्रश्न आणि एकच आकडा असू द्या. शेजारच्या दोघी-तिघींच्या सह्या मिळाल्या तर उत्तम. सभेत ते विनोद करतील तेव्हा तुम्हीही हसा, आणि हसू ओसरलं की तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा म्हणा. भाषण करू नका, रागावू नका.

सभा झाल्यावर तुमचा प्रश्न इतिवृत्तात आलाय का, ते सेक्रेटरींकडे बसून वाचून घ्या. गोड बोलतील, चहा मागवतील. चहा घ्या, पण वाचून होईपर्यंत उठू नका.