ॲलर्जीची गोळी चालू केली, मग केमो कायले?

"ताई, ॲलर्जीच्या गोळीनं कॅन्सर बरा होते म्हणतात. मंग केमो कायले पाह्यजे?" हा प्रश्न हल्ली मला वरचेवर येतो. यवतमाळकडच्या एका तरुण शेतकऱ्याने तर विचारायच्या आधीच प्रयोग सुरू केला होता. आईला स्तनाचा कॅन्सर, दर आठवड्याला नागपूरला पॅक्लिटॅक्सेलची केमो. फाइलच्या कप्प्यात सेटिरिझिन या ॲलर्जीच्या गोळीच्या तीन पट्ट्या, एक रिकामी. रोज तीन गोळ्या.

त्यानं मोबाइलवर वाचलेली बातमी अगदीच खोटी नव्हती, पंचाईत तीच. 2021 मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरच्या संशोधकांनी दाखवलं, की हिस्टामाइन (ॲलर्जीत शरीरात सुटणारं रसायन) मॅक्रोफेज या प्रतिकारपेशींवरच्या एच1 रिसेप्टर नावाच्या खाचेला चिकटलं की कॅन्सरशी लढणाऱ्या टी-पेशी ढिल्या पडतात. ॲलर्जीचं औषध हा रिसेप्टर अडवतं. उंदरांत इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचाराचा, असर वाढला. जुन्या नोंदींतही इम्युनोथेरपी चालू असताना ही औषधं घेतलेले रुग्ण जास्त जगलेले दिसले. इम्युनोथेरपी सोडून नव्हे, आणि या आईला तर ती चालूही नव्हती.

स्वीडनमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा फायदा दिसला तो डेसलोरॅटाडिन आणि लोरॅटाडिन या ॲलर्जीच्या गोळ्या घेणाऱ्यांत. यांच्या पट्टीवर नाव सेटिरिझिनचं! शिवाय नोंदींवरून औषधाचा गुण ठरत नाही. ॲलर्जी असलेल्या माणसाची प्रतिकारशक्तीच वेगळी असू शकते.

फाइल उलटली तर प्रत्येक केमोआधी ॲव्हिलचं इंजेक्शन लिहिलेलं. पॅक्लिटॅक्सेलची रिॲक्शन येऊ नये म्हणून दिलेलं तेही ॲलर्जीचंच औषध. त्यावर या तीन गोळ्या. आई इतका वेळ गप्प होती. "दिवसभर गुंगीच राह्यते वं माय. भाकर बी खावाशी वाटत नाही."

मुलाकडे पाहिलं. गोळीवर त्याचा भरवसा फार नव्हता, असं मला वाटतं; सोयाबीन सोंगणीला आलं होतं. "मजूर भेटत नाही, अन् दर आठवड्याले एक दिवस नागपुरात जाते." हे आधी कोणी विचारलंच नव्हतं. वर्ध्याच्या बहिणीला तिथूनच फोन लावला. सोंगणी होईतो आईबरोबर तीच जाणार. गोळ्यांचं डॉक्टरांच्या कानावर घातलं, त्यांनी लगेच बंद करायला सांगितल्या.

निघताना म्हणाला, "अन् पुढं हे औषध खरंच लागू पडलं तं?"

"तर डॉक्टरच चिठ्ठीवर लिहून देतील, भाऊ. पण येत्या सोमवारची केमो चुकवायची नाही."