जवळचं व्यसनमुक्ती केंद्र चांगलं आहे की नाही, कसं ओळखायचं?

भावाची दारू सोडवायचीय, पण केंद्रावर विश्वास कसा ठेवायचा, असा तुमचा प्रश्न आहे. मी आधी एकच विचारेन: तिथे डॉक्टर रोज असतात का? रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. पुढच्या दोन-तीन दिवसांत भास, थरथर, ताप असं जिवावर बेतू शकतं. म्हणून कृपा करून घरात कोंडून सोडवू नका.

अंगातली दारू उतरणं ही नुसती सुरुवात. पुढे निदान तीन महिने समुपदेशन हवं. ओढ कमी करणारी औषधं (नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट) देतात का, घरी आल्यावर पाठपुरावा कोण करतं, हे स्पष्ट विचारा. शंभर टक्के हमी देणारे, मारझोड करणारे, नातेवाइकांना भेटू न देणारे यांच्या वाटेलाही जाऊ नका.

केंद्राचा पत्ता मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मिळेल. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट, त्याच्या सभांना फी नसते. घरच्यांसाठी अल-अनॉन हा तसाच गट आहे, तिथे तुम्ही आजच जाऊ शकता, भाऊ तयार नसला तरी.